खदानीच्या पाण्यावर आपली नजर हवी

कोळशाची खदान म्हटली की काळी धूळ आणि ट्रकच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. पाणी कुणाला आठवत नाही. पण चंद्रपूर, वणी, सावनेर या पट्ट्यात नाल्याकाठी राहणाऱ्या बायकांना विचारून पाहा. खदान कोळसा काढते तसं पाणीही काढते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

भूमिगत खदानीत पाणी सतत झिरपत असतं. ते उपसलं नाही तर खाली माणसांना काम करता येणार नाही. म्हणून मोठे पंप लावून ते वर आणतात. त्यातलं थोडं खदानीच्याच कामी येतं, उरलेलं नाल्यात सोडतात. नाले पुढे वर्धेला, इरईला, कन्हानला मिळतात. या पाण्यात कोळशाची भुकटी असते, यंत्रांचं तेल-ग्रीस असतं, सुरुंगाच्या दारूतून आलेलं नायट्रेटही असू शकतं. म्हणून पाणी आधी टाक्यांत थांबवून गाळ खाली बसू द्यायचा, तेल वेगळं काढायचं आणि मगच सोडायचं, अशी पद्धत आहे.

याला मर्यादाही ठरलेल्या आहेत. केंद्र सरकारने २००० साली कोळसा खाणींसाठी नियम काढले. नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे गाळ १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, तेल-ग्रीस १० पेक्षा जास्त नको, नायट्रेटमधला नायट्रोजनही १० च्या आत हवा. गाळ आपल्याला दिसतो, तेलाचा तवंग दिसतो. नायट्रेट मात्र दिसत नाही, आणि पाणी उकळून ते जातही नाही. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते फार घातक. म्हणून नुसतं पाणी नितळ दिसलं की झालं, असं समजू नका. प्रयोगशाळेतली तपासणी हवीच.

मग हे नियम पाळले जातात की नाही, ते बघायचं कुणी? काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे मंडळाच्या संमतीशिवाय खदानीला सांडपाणी सोडता येत नाही. रोज किती पाणी सोडायचं आणि ते कसं असावं, हे त्या संमतिपत्रात लिहिलेलं असतं. नियम मोडला तर मंडळ काम बंद करण्याचा किंवा वीज तोडण्याचाही आदेश देऊ शकतं. पण त्यासाठी पुरावा लागतो, आणि गाडी अडते ती इथेच. आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी कोर्टात चालत नाही. अधिकाऱ्याने रीतसर सूचना देऊन, सील करून घेतलेला नमुनाच धरला जातो. आता अधिकारी आला कोरड्या दिवसांत, आणि टाक्या भरून वाहिल्या श्रावणातल्या पावसात, तर अहवाल स्वच्छच येणार ना!

म्हणूनच आपलं काम मोठं आहे. नाल्यावर रोज नजर आपलीच असते. बचत गटात एक वही ठेवा. पाणी काळं कधी आलं, तारीख, वेळ, पाऊस होता का, तवंग होता का, एवढंच लिहा. मोबाईलवर फोटो काढा. महिन्याभराची नोंद जोडून चंद्रपूर किंवा नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि ‘याच वेळेला नमुना घ्या’ अशी मागणी करा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज करून संमतिपत्राची आणि तपासणी अहवालांची नक्कल मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ते दहा रुपयेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

आता खरी अडचण. घरचा माणूस त्याच खदानीत कामाला असतो. ‘तुमच्या तक्रारीने खदान बंद पडली तर खायचं काय?’ असं घरातूनच ऐकायला मिळतं. ही भीती खोटी नाही, चूल त्याच पगारावर पेटते. पण आपण खदान बंद करा म्हणत नाही, पाणी साफ करून सोडा म्हणतो. आणि ते जमतं. नागपूर जिल्ह्यातल्या पाटणसावंगीच्या भूमिगत खदानीचं पाणी शुद्ध करून वेकोलिने ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरलं. बाटलीत भरण्याइतकं पाणी साफ होऊ शकतं, तर नाल्यात सोडण्याइतकं का होऊ नये?

तक्रार एकटीच्या नावाने देऊ नका. गटाच्या नावाने, दहा-पंधरा सह्यांनी द्या. म्हणजे कुण्या एकीच्या घरावर बोट येणार नाही. ग्रामसभेचा ठराव जोडला तर आणखी चांगलं. पावसाळ्याच्या आधीच वही सुरू करा, कारण नाला सगळ्यात जास्त बोलतो तो पावसातच.