तुटलेला डीएनए सांधतं कोण, आणि ते काम अडवायचं कशाला?

मंडळी, आपण परभणीत बसलो आहोत, तेव्हा सुरुवात भुईमुगापासून करू. टीएलजी-४५ हे वाण काहींनी लावलंही असेल. टी म्हणजे ट्रॉम्बे, एल म्हणजे लातूर, जी म्हणजे ग्राउंडनट. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपलं कृषी विद्यापीठ यांच्या जोडकामातून ते २००७ साली महाराष्ट्रासाठी आलं. ट्रॉम्बेच्या भुईमूग घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर टीजी-१ पर्यंत जावं लागतं. बियांवर क्ष-किरण सोडून मिळालेलं हे टपोऱ्या दाण्याचं वाण १९७३ साली 'विक्रम' नावाने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलं.

आता प्रश्न असा, की किरण बियाला नेमकं करतात काय? ते डीएनए तोडतात. डीएनए म्हणजे दोन पदरांची दोरी. एक पदर तुटला तर दुसऱ्याच्या आधाराने तो जुळवता येतो, पेशीला ते रोजचं काम आहे. दोन्ही पदर एकाच जागी तुटले की मात्र पंचाईत, कारण टोकं सुटी होतात. कोरड्या शेंगदाण्याला वाणनिर्मितीसाठी साधारण २०० ते ३०० ग्रे एवढी मात्रा देतात. माणसाला सगळ्या अंगावर एकदम ४-५ ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मे लोक दगावतात. यावरून अंदाज करा.

एवढं तुटूनही बी उगवतं, कारण आत दुरुस्ती करणारी प्रथिनं बसलेली असतात. नवं वाण मिळतं तेही या दुरुस्तीमुळेच, म्हणजे ती कुठेतरी चुकल्यामुळे. किरणांनी नुसतं तोडलं. जोडताना चार अक्षरं गळाली, त्यात एखाद्या लाखातल्या रोपाचा दाणा मोठा झाला. बाकीची रोपं रोगट निघतात किंवा मरतात, हे आम्ही सहसा सांगत नाही.

दुरुस्तीच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. ठिबकची नळी खारीने कुरतडली तर आपण काय करतो? खराब तुकडा कापतो, दोन्ही टोकं जॉइनरमध्ये बसवतो. पाणी चालू होतं, नळी बोटभर कमी होते. पेशी अगदी हेच करते. कू-७० आणि कू-८० ही जोडगोळी कड्यासारखी तुटक्या टोकात अडकते, मग टोकं साफ करणारी प्रथिनं येतात आणि शेवटी लायगेज-४ सांधा पक्का करतो. काम झटपट होतं, पण चार अक्षरं इकडची तिकडे होऊ शकतात.

दुसरी तऱ्हा सावकाश आणि चोख. पेशीने विभाजनाआधी डीएनएची दुसरी प्रत काढलेली असते. फाटलेला कागद ती प्रत समोर ठेवून पुन्हा लिहून काढावा, तसं हे काम. यात रॅड-५१ हे प्रथिन तुटक्या टोकाला बरोबर जागा शोधून देतं, आणि त्याला तिथवर आणून बसवतं बीआरसीए-२. बीआरसीए-१ त्याच्या आधीपासून मदतीला असतं. स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात ही नावं तुमच्या कानावर आली असतील. गंमत बघा, या दोन्ही प्रथिनांचे नातेवाईक वनस्पतींतही आहेत. झाडाला कुठला आलाय स्तनाचा कर्करोग! ही यंत्रणा त्या आजाराहून फार जुनी आहे.

मग इतकी मोलाची दुरुस्ती मुद्दाम अडवणारं औषध कशाला काढायचं? तर कर्करोगाची गाठही हीच दुरुस्ती वापरून तगते. किरणोपचारात रोज साधारण २ ग्रे देतात, त्याने प्रत्येक पेशीत सत्तर-ऐंशी दुहेरी तुटी होतात. गाठीने त्या रातोरात सांधल्या तर उपचार वाया.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश राघवन यांच्या गटाने २०१२ साली लायगेज-४ ला अडवणारा एससीआर-७ नावाचा रेणू जगापुढे ठेवला. उंदरांतल्या गाठींची वाढ त्याने मंदावली. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याची रचना आणि नेमकेपणा यांवर आक्षेप घेतले, त्यांना उत्तरंही दिली गेली. ते अजून प्रयोगशाळेतलंच रसायन आहे, दवाखान्यात मागायला जाऊ नका.

दवाखान्यात पोहोचलेलं औषध म्हणजे ओलापॅरिब. ते पार्प नावाच्या प्रथिनाला अडवतं. पार्पचं काम एकेरी तुटी हेरण्याचं. औषधामुळे ते डीएनएवरच चिकटून बसतं आणि प्रत काढताना तिथे दुहेरी तूट होते. निरोगी पेशी ती बीआरसीएच्या वाटेने दुरुस्त करते. परभणीहून नांदेडला रेल्वे बंद पडली तरी एसटी आहेच की. पण ज्या गाठीत बीआरसीए आधीच निकामी आहे, तिची एसटी कधीच बंद झालेली असते. औषधाने रेल्वे अडवली की ती गाठ अडकली. ही कल्पना २००५ साली दोन शोधनिबंधांतून पुढे आली आणि २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेत बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. रक्त कमी होणं, मळमळ, थकवा हे त्रास आहेतच.

म्हणून हे औषध सरसकट सगळ्यांना नाही. आधी बीआरसीए तपासायला हवं, आणि खरी अडचण इथेच येते. डॉक्टर विचारतात, घरात कुणाला होता का? आपण म्हणतो, नाही. कारण एक तर आजार झाकून ठेवलेला असतो, पोरीच्या लग्नाची काळजी असते. आणि दुसरं, आपण फक्त आईकडचे मोजतो. बिघडलेलं जनुक वडिलांकडूनही येतं. आई किंवा वडील कुणाकडेही ते असेल, तर प्रत्येक मुलाला आणि मुलीला ते मिळण्याची शक्यता निम्मी. आत्याला झाला असेल तर तेही सांगायचं. बीजांडकोशाचा कर्करोग असेल, तर घरात आणखी कुणाला नसला तरी ही तपासणी करून घ्यावी, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे.

मघाशी मागून चिठ्ठी आली, तिचं उत्तर देतो. असा भुईमूग खाल्ल्याने आपला डीएनए तुटतो का? नाही. गॅमा किंवा क्ष-किरणांनी बी किरणोत्सारी होत नाही, किरण आरपार गेले की संपलं. आणि तुम्ही खाता तो दाणा त्या बियाच्या कितीतरी पिढ्या पुढचा असतो. चहाचंही विचारलंय. कॅफिन प्रयोगशाळेत दुरुस्तीचा इशारा देणाऱ्या एटीएम आणि एटीआर या प्रथिनांना अडवतं खरं, पण त्याला लागणारी मात्रा चहा पिऊन रक्तात येतच नाही. तेव्हा बाहेर चहा ठेवलाय, तो निर्धास्त घ्या.