आजोळ
आजोळ म्हणजे आईच्या आईवडिलांचे घर. महाराष्ट्रात मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडे आजोळी राहावयास जातात. कोल्हापूरजवळील पन्हाळा हा नांदता गड असल्याने तेथे आजोळ तटबंदीच्या आतच असते. गडाची उंची ३,००० फुटांहून अधिक असल्यामुळे उन्हाळा सुसह्य असतो. करवंदांचा हंगामही याच दिवसांत येतो. अंबरखाना, अंधारबाव दाखविताना आजोबा १६६० मधील सिद्दी जौहरच्या वेढ्याची (तोही ऐन उन्हाळ्यात चालू होता) आणि शिवा काशीद यांच्या बलिदानाची हकीकत सांगतात. पाठ्यपुस्तकातील स्थळे मुलांना प्रत्यक्ष पायांखाली सापडतात. आईवडील दोघेही नोकरी करीत असल्यास मात्र हा मुक्काम हौसेपेक्षा गरजेचा ठरतो. स्वयंपाकापासून आजारपणापर्यंतचा भार तेव्हा मुख्यतः आजीवर पडतो. आजोळाच्या कौतुकभरल्या वर्णनांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.