गाणं थांबलं तेव्हा

मैफिलीत गायकाला दाद मिळते. पण तोच अंथरुणाला खिळला, की त्याला जपणाऱ्या बाईकडे कुणाचं लक्ष जातं? कुमार गंधर्व म्हटलं, की मला भानुमतीताईही आठवतात. देवधर मास्तरांच्या शाळेत शिकलेल्या त्या गायिका. १९४७ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि लवकरच कुमारजींना क्षयानं गाठलं. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या सुरुवातीला ती दोघं देवासला आली. गाणं बंद! डॉक्टरांची सक्त ताकीदच होती. भानुमतीताईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, पथ्यपाणी सांभाळलं. नव्यानं आलेलं स्ट्रेप्टोमायसिन लागू पडलं. खाटेवरून माळव्याची लोकगीतं ऐकणारे कुमारजी १९५३ च्या सुमारास पुन्हा मैफिलीत गायले.

१९६१ मध्ये भानुमतीताई बाळंतपणात गेल्या. त्यांचं स्वतःचं गाणं किती जणांनी ऐकलं असेल?

आज क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साधा क्षय सहा महिन्यांच्या उपचारानं बरा होतो, फक्त गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. वस्तीत मी हेच सांगत फिरते. आणि मैत्रिणींनो, आजाऱ्याला भेटायला जाल, तेव्हा त्याची उस्तवार करणारीलाही विचारा, "तू जेवलीस का गं?"