जीवनसत्त्व आणि आपले कान

डोळे जपा, असे आपणांस लहानपणापासून सांगितले जाते. कानांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. कानाच्या अगदी आतल्या भागात गोगलगायीच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनिलहरींनी त्यांच्या टोकांवरील सूक्ष्म केस हलतात, त्या हालचालीचा विद्युत्‌संदेश बनतो व मज्जातंतूंच्या वाटे मेंदूकडे जातो. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसात त्या येत नाहीत.

फार मोठ्या आवाजाने केशपेशी मरतात. काही वेळा त्या जिवंत राहतात, पण त्यांना भिडलेली मज्जातंतूंची टोके झडतात. दिवा शाबूत, पण तार तुटलेली, अशी ती अवस्था होय.

ही तार वाचविता येईल काय? अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना निकोटिनामाइड रायबोसाइड हे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप दिले. ते गोंगाटाच्या आधी दिले काय किंवा नंतर दिले काय, उंदरांची श्रवणशक्ती व मज्जातंतूंची टोके पुष्कळ अंशी वाचली. पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत 'सर्ट-३' नावाचे एक प्रथिन असते. या जीवनसत्त्वाने त्याचे कार्य वाढते. ज्या उंदरांत सर्ट-३ नव्हतेच, त्यांना जीवनसत्त्व देऊनही लाभ झाला नाही. त्यावरून संरक्षणाचा मार्ग कळला.

आमच्या घरी हा केवळ शास्त्राचा विषय नाही. माझे वडील यंत्रमागावर काम करतात. मागांच्या शेडमधील आवाज ९० डेसिबलच्याही पुढे जातो. घरी आईला त्यांच्याशी मोठ्यानेच बोलावे लागते. हा प्रयोग वाचल्यावर गोळी आणावी, असे प्रथम मनात येते. परंतु माणसाचे बहिरेपण या जीवनसत्त्वाने टळते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. ब-३ शेंगदाण्यातही असते. म्हणून मूठभर शेंगदाणे खाऊन कान वाचतील, असेही नव्हे.

तूर्त खात्रीचा उपाय साधाच आहे. आवाजापासून दूर राहावे, मध्ये मध्ये कानांना विश्रांती द्यावी, आणि कामावर कानात घट्ट बसणारी बुचे घालावीत. नुसता कापसाचा बोळा पुरत नाही. उत्सवात ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या आपणां विद्यार्थ्यांनाही हे तितकेच लागू आहे.