विहिरीच्या पाण्याचा संगणकी हिशेब

विहिरीचें पाणी उन्हाळाभर पुरेल काय, हा प्रश्न बागाइतदारास दरसाल पडतो. आजवर त्याचें उत्तर तो पाण्याची पातळी पाहून व स्वतःच्या अनुभवावरून देत आला आहे. आतां पुष्कळ ठिकाणीं हा हिशेब संगणकाकडून करवितात. तो डोळे मिटून मान्य करूं नये, म्हणून त्याचें साधन कसें बसवितात व हिशेब कोठें चुकतो, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

या कामीं प्रसिद्ध असलेली मॉडफ्लो नांवाची आज्ञावली अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यांतील मॅकडोनल्ड व हारबॉ या दोघांनीं रचली. ती १९८४ सालीं निघाली व १९८८ सालीं सुधारून प्रसिद्ध झाली. तिची अलीकडील मॉडफ्लो ६ ही आवृत्ति २०१७ सालची असून ती मोफत मिळते. पूर्वीं ती युनिक्स पद्धतीच्या वर्कस्टेशनांवर चाले. आज त्याच वळणाच्या लिनक्सवर चालते. तिचें तत्त्व सोपें आहे. जमिनीचे उभे-आडवे चौकोन व थर पाडावयाचे आणि प्रत्येक खणांत किती पाणी आलें, किती गेलें व किती शिल्लक राहिलें, याचा जमाखर्च मांडावयाचा. पाणी एका खणांतून दुसऱ्यांत किती वाहील, हें डार्सी या फ्रेंच इंजिनियरानें १८५६ सालीं मांडलेल्या नियमावरून काढतात.

बसविण्याची रीत अशी : मिळालेलें गाठोडें 'टार' या आज्ञेनें उघडावें, फोर्ट्रान भाषेंतील मूळ मजकूर 'मेक' या आज्ञेनें कंपायलरकडून यंत्राच्या भाषेंत उतरवून घ्यावा, नंतर सोबत आलेलीं नमुन्याचीं गणितें चालवून उत्तरें दिलेल्या उत्तरांशीं ताडून पाहावीं. नवा तराजू ओळखीच्या वजनांनीं पारखल्यावांचून आपण धान्य मोजीत नाहीं. तसेंच हें आहे. युनिक्सांत मोठी व लहान रोमन अक्षरें भिन्न मानतात, म्हणून फाइलींचीं नांवें अक्षरशः जुळलीं पाहिजेत.

खरा धोका पुढें आहे. सर्व मापें एकाच परिमाणांत हवींत. मीटर व दिवस धरले, तर सेकंदास ५ लिटर देणारा पंप रोज ८ तास चालविल्यास उपसा १४४ घनमीटर होतो. तेथें नुसता ५ लिहिला, तर उपसा सुमारें एकोणतिसाव्या हिश्शाइतकाच दिसेल व आटणारी विहीर कागदावर भरलेली राहील. शिवाय उपशाचा आंकडा ऋण चिन्हानें लिहावयाचा असतो. तें चिन्ह राहिलें, कीं विहीर पाणी उपसण्याऐवजीं जमिनींत पाणी भरूं लागते!

हिशेबाच्या शेवटीं जमा व खर्च यांतील तफावत शेंकडेवारीनें छापून येते. ती अगदीं अल्प असावी. परंतु वरील दोन्ही चुका असूनही ती शून्य येऊं शकते. कारण जमाखर्च जुळणें निराळें व मूळ आंकडा खरा असणें निराळें. त्यांतून आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांत पाणी मुरुमांत व भेगांत असतें. दोन शेजारच्या विहिरींचीं पाणीं सारखीं नसतात. तेव्हां थोड्या विहिरींच्या मापांवरून सबंध शिवाराचा निकाल देणें येथें विशेष धोक्याचें आहे.

यास्तव असा अहवाल गांवापुढें आला, तर तीन गोष्टी विचाराव्या : उपसा कोणत्या मापानें धरला? नमुन्याचीं गणितें ताडून पाहिलीं काय? संगणकानें सांगितलेली पातळी प्रत्यक्ष मोजलेल्या पातळीशीं किती जुळली? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आपल्याच हातीं आहे. दोरीस गांठी मारून दर महिन्यास पाण्याची पातळी मोजावी व तारखेनिशीं वहींत टिपून ठेवावी. ती वही नसेल, तर यंत्राची चूक दाखविण्यास आपल्यापाशीं कांहींच राहणार नाहीं.