पेट्रोल भरल्यावर अडखळणारी गाडी

पेट्रोलपंपावरून निघालेली मोटार आचके देऊ लागली की गाडीतील सर्व मंडळींच्या मुखातून एकच वाक्य बाहेर पडते, ‘पेट्रोलात भेसळ आहे!’ भेसळ ही आपल्याकडे अपरिचित वस्तू नसल्यामुळे हा संशय स्वाभाविक आहे. परंतु संशय म्हणजे निदान नव्हे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, म्हणजे दोष कावळ्याच्या माथी येतो. कारण ठरविण्याची आपल्या शास्त्रकारांची कसोटी अन्वयव्यतिरेकाची आहे: जे असता कार्य घडते आणि जे नसता घडत नाही, ते कारण. हीच कसोटी मोटारीस लावल्यास वृथा खर्च टळतो आणि निरपराध्यावरील दोषारोपही टळतो, असे आमचे मत आहे.

पहिला प्रश्न असा की, हा प्रकार प्रत्येक वेळी आणि कोणत्याही पंपावर पेट्रोल भरल्यास घडतो काय? तसे असेल तर पेट्रोल निर्दोष समजावे. टाकीतील वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या एका डब्यात साठविलेली असते. यास कॅनिस्टर म्हणतात. इंजिन चालू असता योग्य वेळी ‘पर्ज व्हॉल्व्ह’ नावाची झडप उघडते व ती वाफ इंजिनात जाऊन जळते. ही झडप उघडीच राहून गेली, तर टाकी भरताना उसळलेली वाफ गाडी सुरू करतेवेळीच इंजिनात शिरते आणि हवा व इंधन यांचे प्रमाण बिघडते. गाडी कष्टाने सुरू होते, थोडा वेळ थरथरते आणि एकदोन मिनिटांत पूर्ववत चालते. येथे झडप बदलणे हा उपाय होय. टाकी रिकामी करण्याचे प्रयोजन नाही. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही हिशेब गोल करण्यासाठी आणखी पेट्रोल ओतविण्याची जी खोड पुष्कळांस असते, तीही सोडावी. कारण त्यामुळे द्रवरूप पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून तो निकामी होण्याचा संभव असतो.

दुसरा प्रश्न: हे याच खेपेस, याच पंपावर प्रथम घडले काय? नळ्यांतील जुने पेट्रोल संपेपर्यंत गाडी नीट चालली, मग अडखळू लागली, चढावर अधिकच बिघडली आणि काही केल्या सुधारेना, तर मात्र इंधनावर संशय घेणे रास्त आहे. आपल्याकडील पेट्रोलात इथेनॉल मिसळतात. २०२५ साली हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. परंतु पाणी मर्यादेबाहेर गेले की दोन्ही मिळून वेगळी होतात आणि तळाशी बसतात. पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावे. मेकॅनिककडून टाकीच्या तळचा नमुना काचेच्या बाटलीत काढवून, विस्तवापासून दूर, उघड्या जागी काही वेळ स्थिर ठेवल्यास तळाचा निराळा थर डोळ्यांनी दिसतो. पंपावर फिल्टर पेपरची परीक्षा मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे: शुद्ध पेट्रोलाचा थेंब कागदावरून डाग न ठेवता उडून जातो. पावती मात्र जपून ठेवावी. तिच्यावाचून तक्रारीस बळ नाही.

तिसरा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही. पेट्रोल न भरता, इंजिन तापलेले असता, गाडी दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करून पाहावी. तेव्हाही ती तशीच अडखळली, तर बिघाड पेट्रोल भरण्यामुळेच होतो असे म्हणता येत नाही. स्पार्क प्लग, कॉइल किंवा इंधनाचा पंप यांकडे पाहावे.

दोन प्रसंगी मात्र परीक्षा करीत बसू नये. पेट्रोलच्या गाडीत डिझेल अथवा डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडल्याचे कळताच चावी फिरवू नये. गाडी ढकलून बाजूस घ्यावी आणि टाकी उपसवावी. तसेच आचक्यांबरोबर इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी. कारण न जळलेले इंधन धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो अतिशय तापतो व नासतो.

एकत्र कुटुंबात गाडी एक आणि चालविणारे चार असतात. सकाळी काका पेट्रोल भरतात, सायंकाळी पुतण्या आचके सोसतो आणि परवा कोणी कोठे काय भरले हे कोणासच सांगता येत नाही. अशा घरी गाडीत एक लहानशी वही ठेवावी आणि तीत तारीख, पंप, किती लिटर, इंजिन गार की तापलेले व नंतर गाडी कशी चालली, एवढे पाच रकाने भरावेत. तीनचार खेपांत अन्वयव्यतिरेक आपोआप दिसू लागेल. ही वही मेकॅनिकच्या हाती दिल्यास त्यासही नेमका भाग तपासता येईल आणि घरातील मंडळींस परस्परांवर रोष धरण्याचे कारण उरणार नाही.