बँकेचे पान उघडत नाही? आधी कोपऱ्यातली तारीख पाहा

महिना-दोन महिने पुण्याला किंवा नागपूरला मुलांकडे राहून चौबे कॉलोनीतल्या घरी परतावे, जुना संगणक सुरू करावा आणि बँकेचे पान उघडूच नये, असे होते. ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना येते. खात्याला काही झाले की काय, या शंकेने जीव घाबरा होतो. अशा वेळी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहावी. तिथे जुने साल दिसत असेल, तर बिघाड आपल्याच घरात आहे.

बँकेच्या संकेतस्थळाकडे ओळख पटवणारे प्रमाणपत्र असते आणि त्याला ठरावीक मुदत असते. आपला संगणक ती मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१५ सालात अडकलेले असेल, तर आजचे खरे प्रमाणपत्रही तो नाकारतो. मोबाइलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपचा कोडही वेळेवरूनच तयार होतो आणि बहुधा दर ३० सेकंदांनी बदलतो. मोबाइल पाच मिनिटे पुढे असेल तर तो कोड चालत नाही. एसएमएसने येणारा ओटीपी मात्र बँकेकडे तयार होतो, त्याचा आपल्या घड्याळाशी संबंध नाही.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि ‘डेट अँड टाइम’ उघडा. टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असा हवा. ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ सुरू करून ‘सिंक नाऊ’ दाबा. इथे बरेच जण अडतात, कारण फरक १५ तासांहून जास्त असेल तर विंडोज सहसा वेळ जुळवून घेत नाही. आधी तारीख-वेळ हाताने बरोबर लावा, मग पुन्हा ‘सिंक नाऊ’. संगणक बंद केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल, तर आतला नाण्याएवढा बटण सेल संपला आहे. तो बहुधा सीआर २०३२ असतो. दुकानदाराकडून बदलून घ्यावा.

भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. ती ज्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरतात, ते छत्तीसगडमधूनच, रायपूरच्या थोडे पूर्वेकडून जाते. म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या जेमतेम साडेतीन मिनिटे मागे, तर मुंबईचा जवळजवळ ३९ मिनिटे!

व्यवहाराची वेळ मात्र समोरच्या सर्व्हरची धरतात. इक्विटी म्युच्युअल फंडाला त्याच दिवसाचा भाव मिळायचा, तर दुपारी ३ पर्यंत अर्ज आणि पैसे दोन्ही पोहोचावे लागतात. आपल्या घड्याळात तीनला पाच कमी होते, ही सबब तिथे चालत नाही.

तारीख बरोबर असूनही सूचना येत राहिली, तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका, पासवर्ड टाकू नका. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन न करता पासबुकावरचा किंवा कार्डामागचा क्रमांक लावा. ‘घड्याळ दुरुस्त करून देतो, हे ॲप घ्या आणि स्क्रीन दाखवा’ असे कोणी म्हणाले तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० वर कळवा.